कुणाच्या कृपेने

थ्रेस्या : ढोल बडवणाऱ्या त्या ब्रदरला श्रेय? एलिये, संताच्या दिव्याचं तेल कुणी आणून दिलं होतं तुला?

एलियाम्मा : हळू बोल, चेची. जिन्सी आत आहे. तेल तूच दिलंस, रोज चोळलं मी. पण पायांची आग थांबली ती ब्रदर सिजोंनी डोक्यावर हात ठेवल्यावर. आज त्यांच्या प्रार्थनेच्या मंडपात, मंचावर मी तेच सांगणार.

थ्रेस्या : आणि सात शुक्रवार अनवाणी चर्चला आलीस, तो नवस? थोरली बहीण म्हणून तुझ्यासाठी मी बोलले होते तो.

जिन्सी : अनवाणी? साखरेचा आजार असलेल्या बाईला रबराच्या मळ्यातून अनवाणी चालवलं तुम्ही, पेरम्मा? मावशी असून?

एलियाम्मा : आलीस का? बघ, ही पांढरी साडी ठीक आहे ना?

जिन्सी : अम्मच्ची, तांदळाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नाही. कधीपासून?

एलियाम्मा : ओणमच्या आधीपासून.

जिन्सी : पाच महिने! दवाखान्यात रोज साठ जणांचं रक्त तपासते मी. आणि माझी आई तांदळात गोळ्या पुरते!

एलियाम्मा : गोळी घेऊन साक्ष दिली तर ती गोळीची साक्ष होते, देवाची नाही, असं ब्रदर म्हणाले.

जिन्सी : त्यांचा चष्मा केवढ्या जाड भिंगांचा आहे. तो काढून ठेवायला सांग की त्यांना.

थ्रेस्या : हाण! मी हेच म्हणते. काल उगवलेले हे मंडपवाले...

जिन्सी : तुम्ही हसू नका. तुमच्या पाद्रींनी गुडघा बदलून घेतला तो कोचीला जाऊन. तेलाच्या बाटल्या तर त्यांच्याच दारात विकायला असतात. त्यांना का नाही चोळलं?

थ्रेस्या : तोंड सांभाळ! आजोबा-पणजोबांपासूनची श्रद्धा आहे ही. तिला त्या मंडपाच्या पंगतीत बसवू नकोस.

जिन्सी : आजोबांपासूनची म्हणून काटा बोचायचा राहतो का? एकाने हिच्या गोळ्या सोडवल्या, दुसऱ्याने चपला. आणि आता भांडताय, बरं कुणी केलं म्हणून!

एलियाम्मा : पण बरी झालेच ना मी? पाय नुसते पेटायचे, मुंग्या यायच्या. आता काही म्हणजे काही नाही.

जिन्सी : काहीच नाही?

एलियाम्मा : काहीच नाही. गारेगार.

जिन्सी : बस इथे. पाय माझ्या मांडीवर दे.

एलियाम्मा : आत्ता? नऊला मंडपाची गाडी येईल गं.

जिन्सी : येऊ दे. थांबेल.

एलियाम्मा : तुला नाही कळायचं. चाळीस वर्षं चर्चच्या मागच्या बाकावर बसले मी. कुणी विचारलं नाही, एली, तुझं काय दुखतं. ब्रदरनी विचारलं.

जिन्सी : मी विचारत नव्हते? दर रविवारी फोन करते मी.

एलियाम्मा : तू साखरेचा आकडा विचारायचीस, जिन्सी.

जिन्सी : पाय दे, अम्मच्ची.

थ्रेस्या : बघू दे तिला पाय, एलिये. पोरगी एवढी रात्रीच्या बसने आली आहे.

जिन्सी : अम्मच्ची, आग बंद झाली म्हणजे आजार गेला असं नसतं. साखर वाढत राहिली की पायातल्या नसा मरतात. मग आगही कळत नाही, काटाही कळत नाही. मी चुकत असेन तर स्वतः तुला मंडपात सोडून येते.

एलियाम्मा : शपथ?

जिन्सी : शपथ. नाहीतर त्याच गाडीने दवाखाना. डोळे मीट. माझा हात लागला की ‘हो’ म्हण.

एलियाम्मा : मिटले.

(जिन्सी तळपाय उलटा करते. टाचेच्या पुढे रबराच्या बीचं टणक कवच रुतलेलं आहे. भोवतीचं मांस काळं पडलं आहे. ती आईच्या पायाचा अंगठा दाबते, मग चवडा, मग टाच.)

थ्रेस्या : अगं देवा! एलिये, हे...

जिन्सी : पेरम्मा, बोलू नका.

थ्रेस्या : मी... मी बोलले होते गं तो नवस.

एलियाम्मा : काय कुजबुज चाललीय तुमची? जिन्सी, लाव ना हात. डोळे मिटून कधीची बसले आहे मी.