महिपतरावांनी थांबवलेली मोटरसायकल

आदरणीय अध्यक्षा शालिनीताई, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे बळवंतराव, आजचे सत्कारमूर्ती श्री. महिपतराव इंगळे, त्यांच्या पत्नी सौ. वनमालाकाकू आणि लश्करच्या गल्लीगल्लीतून इतक्या आपुलकीनं जमलेल्या माझ्या ग्वाल्हेरकर बंधुभगिनींनो,

मी इथल्या कंपू भागातली सोनिका मोहिते. बारा वर्षं एका मोटरसायकल कंपनीच्या संघातून शर्यती केल्या. मंडळानं मला पाच मिनिटं दिली आहेत. शर्यतीत पाच मिनिटं खूप असतात. इथे पुरतील का, ते बघू.

महिपतराव इथल्याच दाना ओली गल्लीतले. घराण्यात सगळे फौजी, हे मात्र आयटीआय करून पुण्याजवळच्या कारखान्यात गेले आणि एकतीस वर्षं तिथल्या रेसिंग विभागात काम करून गेल्या महिन्यात घरी परतले. शर्यतीची मोटरसायकल शोरूममध्ये मिळत नाही. तिचे कितीतरी भाग चार-पाच कारागीर एकेक करून घडवतात. हँडल ज्यात घट्ट बसवतात तो क्लॅम्प महिपतराव ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढत. आमची ओळख कशी झाली सांगू? कारखान्यात मी फोनवर आईला आपल्या इथल्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणत होते, "अगं, मी जेवून राहिलेय." मागून आवाज आला, "ग्वाल्हेरच्या का तुम्ही?"

सहा वर्षांपूर्वी राजस्थानात वाळवंटातली पाच दिवसांची शर्यत होती. चार दिवस संपले तेव्हा मी सगळ्यांच्या अकरा मिनिटं पुढे होते. शेवटच्या दिवशी सकाळी हेल्मेट घालत होते, तेवढ्यात आमचे व्यवस्थापक विक्रमसिंह फोन घेऊन आले. फोनवर महिपतराव होते. माझा क्लॅम्प ज्या ठोकळ्यातून निघाला होता, त्यातूनच ते दुसरा काढत होते आणि एका जागी मशीनचा आवाज बदलला होता.

"धातूत दोष असेल. ताईंना निघू देऊ नका."

विक्रमसिंहांनी विचारलं, "पक्का है?"

"पक्कं नाही. शंका आहे."

एवढ्या शब्दांवर माझी मोटरसायकल थांबली. दुसऱ्या ठोकळ्यातला क्लॅम्प मुक्कामावरच्या सामानाच्या गाडीतून येईपर्यंत माझी निघायची वेळ टळली आणि शर्यत हातची गेली.

तो क्लॅम्प पुण्याला नेला. एक्स-रे काढला, शेवटी कापूनही पाहिला. आत काय सापडलं असेल? काही नाही. अगदी निर्दोष होता.

महिपतराव कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, क्लॅम्प चांगला होता. तुमची शर्यत माझ्यामुळे गेली."

मी विचारलं, "पुन्हा तसा आवाज आला तर?"

"पुन्हा थांबवीन."

मी ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. (वनमालाकाकू हसताहेत, त्यांना हे ठाऊक आहे.)

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर उभी होते. शेजारचा स्वार सारखं हँडल हलवून बघत होता. मला कधी तसं बघावंसं वाटलंच नव्हतं. का बरं? तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं. साहेब रागावतील, आपलं नाव खराब होईल, याची पर्वा न करता स्वतःच्याच कामावर शंका घेणारा एक माणूस कारखान्यात बसला होता. आणि त्या सकाळी त्याचा फोन आलेला नव्हता. मला एवढं पुरेसं होतं. वाळूच्या टेकडीवरून एकशेवीसच्या वेगानं उतरताना माझी नजर समोरून हलली नाही. त्या वर्षी मी दुसरी आले.

परतल्यावर थेट त्यांच्या मशीनपाशी गेले. कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी म्हटलं, "काका, पुढचा क्लॅम्पही तुम्हीच काढा."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "काढून ठेवलाय."

आज हा सत्कार घडवून आणल्याबद्दल मंडळाची, मला बोलू दिल्याबद्दल शालिनीताईंची आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलताना हिंदी शिरलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर ते पोटात घालावं. महिपतकाका, त्या वर्षभराच्या अबोल्याची माफी मात्र मी तुमच्याकडे कधी मागितली नाही. आज आपल्या माणसांसमोर मागते.

नमस्कार.