घरावरचं रान

स्टेशनच्या उबदार खोलीत व्हेरेना गाडीची वाट बघत विणत बसली होती. तिच्या पाठीमागच्या बाकावर एक तरुण जोडपं येऊन टेकलं. गावात घर बघून दोघं परत शहराकडे निघाली होती.

"घर गोड आहे रे, गिऑन. पण दुपारपर्यंत उन्हाचा पत्ता नाही. मला नाही जमायचं इथे."

"मग खाली शहरात मला स्की शिकवायची नोकरी कोण देणार, सेलिना?"

"तर मालकिणीला सांग, घराच्या वरच्या उतारावरची चार झाडं तोडा. सगळा उजेड त्यांनीच अडवलाय."

"हळू बोल बाई! कुणी ऐकलं तर घर राहिलं बाजूला, या गावात कॉफीसुद्धा मिळायची नाही."

"का? देवाची आहेत?"

"वरून बर्फाचा कडा सुटला की तीच त्याला थोपवतात. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही. वाळकी काटकीही उचलायची नाही."

"आणि पूर्वी? चुली कशावर पेटवत होते?"

"एका हिवाळ्यात सरपण संपलं, तेव्हा माझ्या आजीनं इथेच लग्नाचा पलंग जाळला. मग कपाट. समोर खिडकीतून रान दिसत होतं."

"आणि रात्री गुपचूप जाऊन कुणी एखादंसुद्धा..."

"कुणीच नाही. कधीच नाही."

व्हेरेनाच्या सुया थांबल्या. बाहेर गाडीची शिट्टी झाली.

"गाडी आली. ऊठ, सेलिना."

"जाऊ दे ती. मला ते रान परत बघायचंय. मघाशी मी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही."

"आणि घराचं काय?"

"मालकिणीला सांग, आम्हाला सावली चालेल."