पेन्शन की शाळेचं दार

मिसिसिपीकाठच्या त्या गावातल्या पेन्शन कचेरीत लॉरेटा तासभर रांगेत तिष्ठत होती. तिच्या पुढे निवृत्त पोलीस क्लाइड आणि त्याची बायको बर्निस खिडकीतल्या बाईंशी हुज्जत घालत होते.

“साहेब, तिसऱ्यांदा सांगते. निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत शाळेत पोलीस म्हणून रुजू झालात, तर पेन्शन थांबेल.”

“आणि त्याच शाळेत फरशी पुसली तर?”

“तर चालू राहील.”

“म्हणजे दार राखलं तर गुन्हा, आणि दार पुसलं तर पुण्य!”

“नियम मी नाही केला.”

“क्लाइड, घरी चल बघू. तीस वर्षं राबलास, पुरे झालं.”

“अगं, ऑगस्टपासून जागा रिकामी आहे. मुख्याध्यापिका स्वतः दाराशी उभ्या राहतात. त्यांचं वय बासष्ट!”

“तुझं किती? आणि शाळेच्या त्या पगारात माझी औषधं येतील का?”

“नाही येणार.”

“मग झालं तर!”

क्लाइडने टोपी डोक्यावर चढवली आणि तो दाराकडे वळला. बर्निस मात्र जागची हलली नाही.

“बाई, ह्यांचं वर्ष कधी भरतं?”

“नऊ मार्चला.”

“तोवर फुकट उभे राहिले तर?”

खिडकीतल्या बाईंनी नियमांची चोपडी दोनदा चाळली.

“फुकटाबद्दल यात काही लिहिलेलं नाही.”

“क्लाइड! लवकर शाळेत जा, यांनी लिहायच्या आत!”