आमच्या डोहातले शिंपले

आमी भोई, पूर्णेच्या काठचे, दर्यापुराकडचे. माहा बाप मासे धरे अन् माय चिखलात हात घालून शिंपले काढे. काय सांगू तुमाले, आमच्यात लेक बाळंतपनाले आली का पयला रस्सा शिंपल्यायचाच, दूध उतरते म्हनत, अन् लेकराले पयलं दूध पाजाचं तेबी शिंपल्याच्या रिकाम्या शिंपीनंच. ज्या शिंपीनं मले पाजलं ते मायनं जपून ठुली, त्याच शिंपीनं मी माह्या रेखाले पाजलं.

मंग कालेजातली म्याडम आली. तिनं दूर सातपुड्यातल्या धरनाचे शिंपले आनले, जाळीच्या पिशवीत भरून आमच्या डोहात टांगले. मी म्हनलं, बाई, इथं काय कमी हायेत, बाहीरून कायले आनता? ते म्हने, मावशी, हे चांगल्या पान्यातले, यायच्यात आधीचं काई नाई; शिंपला दिवसभर पानी आत घेते अन् सोडते, कपाशीवरच्या फवाऱ्याचं औषध पान्यात असन तं त्याच्या मासात साचते, तपासलं का समजते. म्हनजे मुक्या जिवाले साक्षीले उभं केलं वं माय. पिशवीवर ध्यान ठेवाचं काम माह्याकडं. जित्त्या शिंपल्याले बोट लावलं का तो तोंड मिटते, मेला का उघडाच राह्यते. मी रोज बोट लावून पाहो. पानी चांगलं नितळ, वास नाई का फेस नाई, पन एक एक उघडा पडत गेला. उरलेले म्याडमनं तपासाले नेले, अन् परत येऊन म्हने, मावशी, मासात औषध निंगालं, या डोहातले शिंपले खाऊ नोका, बाळंतिनीले तं देऊच नोका.

अन् तवाच रेखा आली, पयलटकरीन. पोरगी झाली. म्हने, माय, रस्सा कर ना वं. मी म्हनलं, नाई करत. दूध कमी उतरून राह्यलं होतं, मंग साऱ्या बाया माह्यावरच, म्हने पोटच्या लेकीले रस्सा देत नाई, म्हातारीले कालेजाची हवा लागली. खसखशीची खीर केली तं रेखानं ताट सरकवलं अन् तोंड फिरवून झोपली. डोह घरामांगं, शिंपले हाताशी, अन् लेक उपाशी. लय रडली मी चुलीपाशी.

शिंपी मातर काढली. ते मायच्या टायमाची, जुन्या पान्यातली. उकळत्या पान्यात टाकली, पुसली, नातीले दूध पाजलं. रेखा सासरी निंगाली तवा तिच्याच हातात देली, म्हनलं, जप वं, अशी आता आपल्या नदीत भेटत नाई.

आता म्याडमनं पिशवीत नवे शिंपले भरले हायेत. मी बोट लावून पाह्यते. ज्यानं तोंड मिटलं त्याले म्हनते, राह्य बापा, जित्ता राह्य. माह्या नातीच्या बाळंतपनाले मी नसन, पन तू जगला तं तिले रस्सा भेटन.