रत्नाच्या खोपीत पाद्रीबाबा जेवले

काय सांगू तुम्हाला ताई, आमी जामखेडकडच्या खेड्यातल्या, आमच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवापास्नं ख्रिस्ती, आन आमी दोघीच बहिनी, मी थोरली सगुना आन ही धाकटी रत्ना, माझ्यापरीस गोरी, आवाज गोड, देवळात गायला लागली का बाया माझ्याकडं बघायच्याच न्हाईत, ते ल्हानपनापास्नंच तसं हाय.

तिला दिली लांब, चांगल्या घरी, आन मला इथंच गावात. पन लेकरू व्हायच्या आदीच तिच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली, रगतपिती हाय म्हनले, आन नवऱ्यानं एस्टीत बसवून धाडली माघारी. गाव म्हनलं, वस्तीत ठेवायची न्हाई. मंग माझ्या मालकानं वढ्याच्या पल्याड खोप घालून दिली आन मी रोज भाकर न्यायला लागले. दगडावर ठेवायची, लांब सरायचं, मंग ती येऊन घ्यायची. माझी लेकरं ल्हान, मला भ्या वाटायचं, कुनाला वाटनार न्हाई? दुष्काळ पडला तवा तर दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, आन घरी येऊन त्या लाल मिलोच्या, रेशनवर मिळायच्या परदेशी जोंधळ्याच्या, भाकरी थापायच्या, त्यातली एक लेकरांच्या म्होरनं उचलून हिला न्यायची. कुनी म्हनलं न्हाई, सगुना, बस जरा, दमली असशील.

त्या दुष्काळातच नवे पाद्रीबाबा आले. येशूनं रगतपितीवाल्याला हात लावला, ते त्यांनी देवळात वाचलं. जेवन माझ्याकडं हुतं, पाद्री आला का आमच्याकडंच जेवतो, पैल्यापास्नं. एकच कोंबडी उरली हुती, ती कापली. ताट वाढलं, तर हे इचारत्यात, तुमची बहीन कुठाय? मी म्हनलं, ती कशी यील बाबा, ती वढ्यापल्याड ऱ्हाती. तर हे उठले की, ताट घेतलं हातात आन निगाले, मागनं सारी वस्ती.

मी बी गेले. बघते तर हे खोपीत खाली बसलेले, तिच्या वाकड्या बोटांनी तिनं तांब्या दिला, ते पानी प्याले, आन त्या एकाच ताटात दोघं जेवली. आन रत्ना हसली हो! इतकी वर्सं मी भाकर नेली, माझ्याकडं बघून एकदा हसली न्हाई, आन ह्या परक्या मानसानं एक डाव घास खाल्ला तर अशी हसली. बाया रडाया लागल्या. आमची आई मला म्हनती, बघ गं, देवमानूस हाय. माझी कोंबडी, माझं ताट, आन देवमानूस ते!

मंग त्यांनीच तिला मिशनच्या दवाखान्यात नेली, गोळ्यांनी रोग थांबला, आता तिथंच काम करती, नव्या बायांच्या जखमा धुती. नाताळाला आली तर इस्तरीचं लुगडं, म्होरं बसली, सगळे आपले रत्नाताई, रत्नाताई. मला ऱ्हावलं न्हाई. पाद्रीबाबाला गाठलं देवळाच्या पायरीवर, म्हनलं, बाबा, येशू त्या रगतपितीवाल्याकडं गेला, लई चांगलं केलं, पन त्या मानसाला घरची बहीन हुती का न्हाई, रोज भाकर नेनारी? तिच्याकडं कोन गेलं?

ते म्हनले, सगुनाबाई, ते लिवलेलं न्हाई.

म्या म्हनलं, न्हाईच लिवनार.

आता ती निरोप धाडती, अक्का, चार दिस ऱ्हायला ये माझ्याकडं. मी गेले न्हाई अजून. प्रार्थनेत नाव घेते, आदी तिचं, मंग लेकरांचं. देवा, माझ्या बहिनीला सुखी ठेव म्हनते, खरंच म्हनते. पन तिच्या नावापाशी आले का माझा सूर आपसूक बारीक हुतो. त्याला म्या काय करू, तुमीच सांगा.