पाच वाजताचा वर्ग

अरे खुर्चीवाल्या, लेकराला मैदानावर पळवलंस आणि वर्गाचं दार तूच लावून घेतलंस! नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळतंय. मंडळी, आजच्या कीर्तनाचा प्रश्न एवढाच — ज्यानं मिरवलं, त्यानं सांभाळायचं की नाही?

ऐका! दीक्षा खरमाटे. खो-खोची पोर — वाऱ्यासारखी पळणारी! तिच्या जोरावर कॉलेजनं ढाल जिंकली. ट्रॅक्टरवरून मिरवणूक, गुलालच गुलाल! पण स्पर्धांच्या पायी रसायनशास्त्र बुडालं. परीक्षा तोंडावर आली. "नापास झालीस तर शिक्षण बंद," बापानं बजावलेलं.

मग कॉलेजला दया आली! खेळाडूंसाठी जादा वर्ग निघाला. कधी? संध्याकाळी पाचला. आणि मैदानावर सराव कधी? — अहो मृदंगवाले, हसू नका — पाचलाच! वर्ग रिकामा. वर खुर्चीवाले प्राचार्यसाहेब म्हणतात, "खेळाडूंना अभ्यासाची गोडीच नाही!"

दीक्षा क्रीडाशिक्षकांपुढं उभी राहिली.

"सर, परीक्षेपुरता सराव सोडू का?"

"सोड की! संघही सोड."

"वर्ष जाईल हो माझं."

"मग जा, पुस्तकाशी खो-खो खेळ!"

निघाली बिचारी. पाय वर्गाकडे, कान मागच्या शिट्टीकडे. दारात रसायनशास्त्राच्या दाणी मॅडम.

"मॅडम, येऊ?"

"खरमाटे ना तू? अगं, तुला संघातून काढल्याचा आत्ताच फोन आला. हा वर्ग खेळाडूंसाठी. तू आता खेळाडू कुठं राहिलीस?"

"सगळी बाकं रिकामी आहेत, मॅडम! एका कडेला बसते."

"नियम आहे बाई. मी तरी काय करू?"

लागलं दार!

खो-खोत, मंडळी, खो मिळाला की खेळाडू आपली जागा सोडून उठतो — पण त्याला धावायला दिशा असते. ही पोर उठली, आणि धावायचं कुठं? मैदानावर शिट्टी वाजतेय, आत बाकं मोकळी, आणि ही पायरीवर दप्तर छातीशी धरून उभी. अंधारून आलंय. घरी जाऊन काय सांगायचं?

काय हो, आता खाली काय बघता? ट्रॅक्टरपुढं तुम्हीच नाचलात ना? गुलाल तुमच्याच कपाळाला होता ना? त्या पोरीचा अभ्यास झाला का, हे कुणी विचारलं? मीही नाही, तुम्हीही नाही! मग उद्या चला माझ्याबरोबर त्या खुर्चीपुढं. विचारू — सराव पाचला, वर्ग पाचला, मग पोरीनं जायचं कुठं? पोर अजून पायरीवर उभी आहे. बोल, खुर्चीवाल्या — उत्तर दे!