दुसऱ्या अल्बमची मोटर

म्हणजे सुरू झाली होती ती मोटर कोणाची, ते तरी सांगा ना कोणी! तुमाले सांगतो, मले तं अजूनही समजून नाही राहिलं...

माहा पुतण्या गुड्डू आन त्याचा दोस्त ओमेश्वर. दोघंच. एक कम्प्युटर, एक कीबोर्ड. पहिला अल्बम काढला, त्यात आपल्या बायांची हळदीची गाणी आन खाली धडाड-धडाड ठोका... अरे, काय नाचले लोक! सौंदडपासून आपल्या इकडच्या गोरेगावपर्यंत एक वरात त्याच्याबिगर निघे ना. नागपूरच्या पेपरात दोघायचा फोटो! मंग मीही छाती फुगवून म्हटलं, "गुड्डू, तुमचा दुसरा अल्बम पहिल्यांदा माह्या पोराच्या, शालीकच्या वरातीत वाजन!" कायले म्हटलं मी? कायले?

वरात निघाली. शालीक घोड्यावर, माही बायको शामकला पदर खोचून तयार, नवरीच्या गावी, गोरेगावले, मुहूर्त गाठाचा आहे, आन डीजेतून निघालं काय? घर्रर्र... घूंऽऽऽ... मंग भसाभस पाणी पडल्याचा आवाज! म्हटलं, "हे काय होय बे?" "काका, हे इलेक्ट्रॉनिक होय. नाचाचं नाही, फील घ्याचा." फील? मले काही समजून नाही राहिलं, पण गावाले बरोबर समजलं! उन्हाळी धानाचे दिवस, त्यात लोडशेडिंग... माह्या वावराशेजारचा चुन्नीलाल ओरडला, "लाईन आली बे! मोटरा सुरू झाल्या!" आन पळाली ना सारी वरात! जो तो आपल्या धानाच्या बांधीत पाणी घ्यायले! बामणही गेला हो, त्याचंही धान आहे! राहिलं कोण? मी, घोडा, घोड्यावर शालीक, आन डोळे मिटून उभे हे दोघं. ओमेश्वर म्हणे, "पाहा काका, लोकायले कसं आतून हाललं!"

ओरडलो, "लाव जुना अल्बम!" लावला. लोक चिडत-चिडत आले, पण नाचले. असे नाचले, का तिकडं खरोखरची लाईन आली, मोटरा वाजल्या, तरी एक माणूस हलला नाही! "तो दुसरा अल्बमच होय," म्हणे! पाणी गेलं वाहून. मुहूर्त हुकता-हुकता वाचला, आन मांडवात चिखलाचे पाय पाहून विहीणबाई म्हणे, "वरात चिखलणी करून आली काय?"

आता गावात मोटर वाजली तं कोणी उठत नाही. नेमकं काय वाजून राहिलं, समजूनच नाही राहिलं ना! परवा माही मोटर दुपारभर चालली, सारं पाणी चुन्नीलालच्या बांधीत... आन मी? खाटेवर, डोळे मिटून... फील घेऊन राहिलो होतो!